शब्दवेध : प्रस्तार

 

‘प्रस्तार’ हा संस्कृत परंपरेतला शब्द. ‘स्तृ’ म्हणजे पसरणे, अंथरणे. ‘प्र’ जोडून झालेला हा शब्द छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या झाडून सगळ्या मांडण्यांसाठी रूढ झाला. दहाव्या शतकात हलायुधाने त्यांची मोजदाद त्रिकोणी ‘मेरू’त बसवली.

आता लघु-गुरूंऐवजी सहा कवड्या घ्या. उताण्या-उपड्या मिळून मांडण्या ६४. उताण्या शून्य ते सहा अशा मांडण्या, मेरूच्या ओळीप्रमाणे : १, ६, १५, २०, १५, ६, १. म्हणजे दोन्ही अंगांची शक्यता सारखी धरली, तर तीन उताण्या पडण्याची संभाव्यता २०/६४.

मात्र कवडीची पाठ फुगीर, तोंड चपटे. ती एकाच अंगावर जास्त पडत असेल, तर मांडण्या ६४च राहतात. प्रत्येक मांडणीचे वजन बदलते आणि उताण्यांच्या संख्येचे द्विपद वितरण एका बाजूला कलते.