गिऱ्हाइकापाशी ठेवलेली नोंद

१९९४ साली कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप या नव्या कंपनीपुढे एमसीआय या टेलिफोन कंपनीने एक अडचण मांडली. एमसीआयला इंटरनेटवर दुकान थाटायचं होतं, आणि वेबला तर मुळात आठवणच नव्हती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या रचनेत ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि संबंध तिथेच संपतो. शास्त्रज्ञांना एकमेकांचे लेख वाचायला तेवढं पुरत होतं. दुकानात मात्र एक वस्तू निवडून पुढच्या पानावर गेलं की सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. त्यात एमसीआयची अट अशी, की अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर नकोत.

हे काम लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रामरकडे आलं. कॅन्सस विद्यापीठात शिकत असताना लिंक्स हा ब्राउझर घडवणाऱ्यांपैकी तो एक. त्याने सुचवलं, नोंद गिऱ्हाइकापाशीच ठेवू. सर्व्हरने पानाबरोबर एक छोटा मजकूर पाठवायचा, ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच संकेतस्थळावर जाताना आपणहून परत दाखवायचा. युनिक्सवर काम करणारे प्रोग्रामर अशा देवाणघेवाणीतल्या तुकड्याला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव इथे चिकटलं. मॉन्टुली आणि जॉन जियानांड्रिया यांनी पहिला आराखडा लिहिला, आणि १३ ऑक्टोबर १९९४ला बाहेर पडलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत कुकी होती. पहिला उपयोग अगदी साधा होता: आलेला माणूस नेटस्केपच्या संकेतस्थळावर पूर्वी येऊन गेला आहे का, एवढंच पाहायचं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनेही कुकी उचलली.

या कुळकथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मॉन्टुलीपुढे आणखी एक सोपी वाट होती. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक संकेतस्थळाला सांगायचा, की आठवणीचा प्रश्न मिटला. ती वाट त्याने जाणूनबुजून सोडली. तसा क्रमांक असता तर कोणत्याही दोन संकेतस्थळांनी वह्या जुळवून माणसाचा माग काढला असता. म्हणून कुकी अशी बांधली, की ज्या संकेतस्थळाने ठेवली त्यालाच ती परत मिळेल; एका दुकानाची कुकी दुसऱ्याला वाचता येणार नाही. आज माग काढण्याचं हत्यार म्हणून जी बदनाम आहे, ती वस्तू मुळात माग टाळण्यासाठी अशी आखली गेली होती. मजकूरही बेताचाच, एका कुकीत साधारण चार किलोबाइट. ती प्रोग्राम नाही, विषाणू नाही. आपण होऊन काहीच करत नाही.

भगदाड पडलं ते दुसऱ्याच जागी. वेबचं पान एका सर्व्हरवरून सबंध येतं असं नाही. बातमी एकाकडून येते, चित्र दुसऱ्याकडून, जाहिरात तिसऱ्याकडून. आणि ब्राउझरच्या दृष्टीने जाहिरात पाठवणाराही सर्व्हरच, म्हणजे त्यालाही कुकी ठेवायचा हक्क. आता समजा, तोच जाहिरातवाला हजार संकेतस्थळांवर आहे. सकाळी तुम्ही सोयाबीनचे भाव पाहिलेत, दुपारी गुडघेदुखीवर वाचलंत, रात्री मुलीसाठी स्थळं पाहिलीत. तिन्ही पानांवर तो होता, तिन्ही वेळा त्याला त्याचीच कुकी परत मिळाली. नियम कुठेही मोडला नाही आणि वह्या जुळल्या. १९९६ साली उभ्या राहिलेल्या डबलक्लिक कंपनीने याच भगदाडावर धंदा उभारला. गूगलने २००७ साली तिच्यासाठी ३.१ अब्ज डॉलरचा सौदा केला.

लोकांना याचा पत्ता बराच उशिरा लागला. १२ फेब्रुवारी १९९६ला लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने कुकीवर लेख छापला, तोवर आपल्या यंत्रावर कोणी नोंदी ठेवतंय हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. विचारलं कोणी नव्हतं, ब्राउझरही काही दाखवत नव्हता. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी १९९७मध्ये कुकीचा नियम लिहिला. त्यात स्पष्ट होतं: तिसऱ्याच्या कुकी घेऊच नयेत, निदान माणसाने आपणहून सुरू केल्याशिवाय तरी घेऊ नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही हे कलम पाळलं नाही. आज संकेतस्थळांवर कुकीची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक ‘सर्व स्वीकारा’ बटणाचं मूळ मला या न पाळलेल्या कलमात दिसतं. ते पाळलं गेलं असतं तर ही परवानगी मागायची वेळच आली नसती.

वऱ्हाडातल्या माणसाला या तिसऱ्याची ओळख करून द्यायला नको. कापसाच्या बाजारात एके काळी भाव रुमालाखाली ठरायचा. अडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगत. माल कास्तकाराचा, बंडी त्याची, वर्षाची मेहनत त्याची; आणि तो दोन हातांवर उभा असूनही बोलणी त्याला दिसत नसत. हातात पडायचा तो ठरलेला भाव, वर निरनिराळ्या नावांनी कटती. आज तुम्ही बातमीचं पान उघडलंत की जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा असाच हर्रास होतो. कुकीच्या आधाराने तुम्ही कोण, कशाच्या शोधात, हे बोली लावणाऱ्यांना कळवलं जातं, बोली लागतात आणि जिंकलेली जाहिरात झळकते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आटोपतं. पान पुरतं उघडायच्या आत सौदा होऊन गेलेला असतो.

रुमालाला आळा घालण्याची सुरुवातही याच मुलखात झाली. १८८६ साली कारंजा इथे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. बाजाराला समिती मिळाली, अडते-मापाऱ्यांवर नियम आले. पण हा कायदा कोणासाठी झाला हे विसरून चालणार नाही. अमरावतीचं जुनं नाव उमरावती, आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाची जातच ‘ऊमरा’ म्हणून ओळखली जायची. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ रुई खात्रीने मिळावी, ही कायद्यामागची मोठी निकड होती. बाजार समितीत कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. १९२८ साली शेतीवरच्या शाही आयोगाने हा दोष दाखवला. नियम आले म्हणजे मालाच्या धन्याचं हित साधलंच असं नाही. तो नियम कोणी, कोणासाठी केला, हे विचारावं लागतं.

कुकीसाठी कायदे प्रथम युरोपने केले. २००२ साली निर्देश निघाला, २००९ साली तो कडक झाला आणि २०११पासून परवानगी मागणाऱ्या पट्ट्या दिसू लागल्या. २५ मे २०१८ला जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, तेव्हा त्या जगभर पसरल्या. युरोपातही वाचक असलेल्या कंपन्यांनी तीच पट्टी इथल्या वाचकालाही दाखवली. तिथल्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ला ठरवलं, की आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीला संमती म्हणता येणार नाही. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण एवढंच, की होकार एका क्लिकमध्ये देता येत होता आणि नकाराला अनेक क्लिक लागत होते. काही पट्ट्यांवर आज ‘नाकारा’ हे बटण ‘स्वीकारा’च्या शेजारी त्याच आकारात दिसतं, त्यामागे अशा निकालांचं बळ आहे.

आपल्याकडे पाया घातला गेला तो २४ ऑगस्ट २०१७ला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. पुढे ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. कायद्यात कुकीचं नाव नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तिथे तो पोचतो. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ती मागे घेणं, देण्याइतकंच सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई असेल. आणि संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. त्या अनुसूचीत मराठी आहे. अकोल्याच्या माणसाने न कळणाऱ्या इंग्रजी चार ओळींखाली होकाराचं बटण दाबावं आणि त्याला संमती म्हणावं, हे इतकी वर्षं चाललं. ही मराठीची सोय आपण हक्काने मागितली पाहिजे, नाहीतर ती कागदावरच राहील.

तोवर काय करायचं? पट्टीवर ‘फक्त आवश्यक’ किंवा ‘नाकारा’ असेल तर ते दाबावं. माझ्या मते यात वाचकाचं काहीच जात नाही. लॉगिन टिकवणारी, टोपलीतली खरेदी लक्षात ठेवणारी कुकी ‘आवश्यक’मध्येच येते, मॉन्टुलीने १९९४ साली केली होती ती हीच, आणि तिला भ्यायचं कारण नाही. सगळ्याच कुकी बंद करू नयेत, तसं केलं तर लॉगिन लागणारं बहुतेक कुठलंही संकेतस्थळ चालणार नाही. नुसतंच ‘ठीक आहे’ असलेली पट्टी किंवा ‘इथे राहिलात म्हणजे मान्य केलंत’ अशी ओळ दिसली, तर तिथे निवड दिलेलीच नाही असं समजावं आणि बंदोबस्त ब्राउझरमध्ये करावा. ॲपलच्या सफारीने मार्च २०२०पासून तिसऱ्याच्या कुकी सरसकट अडवल्या आहेत. फायरफॉक्सने माहीत असलेल्या माग काढणाऱ्यांना २०१९पासूनच अडवलं. गूगलने जानेवारी २०२०मध्ये सांगितलं, की क्रोममधून त्या दोन वर्षांत काढू. तारखा पुढे जात राहिल्या आणि जुलै २०२४मध्ये तो बेतच सोडला. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती. आपल्याकडच्या फोनांत मात्र बहुधा क्रोमच असतो, म्हणून ही खटपट ज्याची त्यानेच करायची आहे: क्रोमची सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात थर्ड-पार्टी कुकीज, आणि तिथे त्या अडवायचा पर्याय. एकदा केलं की पुरतं.

ॲपमध्ये ही पट्टी सहसा येतच नाही. तिथे माग निघतो तो फोनच्या जाहिरात-क्रमांकावरून, म्हणजे मॉन्टुलीने टाळलेली वाट तिथे उघडली गेली. ॲपलने एप्रिल २०२१पासून ॲपांना तो वापरण्याआधी विचारायला लावलं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या विभागात तो पुसून टाकता येतो.

वऱ्हाडात आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी कोणी लिहीत नाही. कुकी ज्याच्या यंत्रावर ठेवली त्याच्यापाशी राहते, असं सगळं गृहीत आहे. पण दर्यापूर, अकोट, धारणीकडचे किती तरी लोक शिष्यवृत्तीचा, पीक विम्याचा, प्रवेशाचा अर्ज स्वतःच्या यंत्रावर भरत नाहीत. सेतूत किंवा नेट कॅफेत भरतात. तिथे लॉगिनची कुकी दुकानदाराच्या संगणकावर उरते. नुसती खिडकी बंद करून उठलं आणि कुकी जिवंत राहिली, तर पुढच्या खुर्चीवरच्या माणसापुढे तुमचं खातं उघडं. हा धोका जाहिरातवाल्याच्या कुकीपेक्षा जवळचा आहे, आणि त्याची पट्टी कुठेच येत नाही. तिथे काम संपलं की आधी लॉगआउट करावं, पासवर्ड जतन करू का असं ब्राउझरने विचारलं तर नाही म्हणावं. त्याहून बरं म्हणजे अर्ज सुरू करायच्या आधीच चालकाला खासगी खिडकी उघडायला सांगावी. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबलं की ती उघडते. तशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकी पुसल्या जातात.