कोरड्या मुलखातली होडी

आष्टी हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातलं गाव. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी आणि मधे काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, पाणी असेल तिथे ऊस. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. अशा गावात बसून होडी महाग झाली म्हणणं म्हणजे विहीर नसलेल्या वावरात मोटेचा भाव विचारण्यासारखं वाटेल. तरी हा प्रश्न इथला आहे. गेल्या साठेक वर्षांत या मुलखात धरणं झाली, पाझर तलाव झाले, गोदावरीवर बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली. पाणी साठलं, पाण्यात मासा आला, आणि माशामागे जायला होडी लागली. त्याआधी ती फारशी लागतच नव्हती.

आधी लोक काय वापरत, याची खूण भाषेत शिल्लक आहे. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण सभेत, लेखात, सरकारी अहवालात सर्रास वापरतो. मूळ सांगड ही पाण्यावरची वस्तू. दोन डोण्या एकमेकींना बांधल्या की सांगड, आणि दोन वाळके भोपळे दोरीने जोडून पोहणाऱ्याच्या आधाराला दिले की तीही सांगड. मोल्सवर्थने आपल्या कोशात हे दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. भोपळा परसात पिकतो, दोर अंबाडीचा घरी वळता येतो. पुरात नदी ओलांडायची किंवा डोहात जाळं लावायचं तर एवढ्यावर भागायचं. गुळाच्या गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी काहीलही पावसाळ्यात होडीच्या कामाला यायची. हंगामात तिच्यात गूळ, पुरात माणसं. या साधनांना वेगळी किंमत अशी नव्हतीच. ती दुसऱ्या कामासाठी घरात असायची आणि गरजेला पाण्यावर जायची.

याचं कारण नद्यांच्या स्वभावात आहे. दुधना, पूर्णा, केळना या पावसावर जगणाऱ्या नद्या. चार महिने त्यांचा जोर, पुढे डोह, आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी वाळू. वर्षातले आठ महिने जिथे चालत पलीकडे जाता येतं तिथे कायमची होडी बांधून ठेवण्यात पैसा कोण गुंतवणार? इथल्या माणसाने होडी नव्हे, उतार शोधला. नदी उथळ असेल तिथे वाट, वाटेच्या दोन्ही तोंडांना गावं.

या साध्या गोष्टीने एकदा इतिहासाला वळण दिलं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली अहमदनगर घेऊन गोदावरीकडे निघाला. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात फौज अडवतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा होड्या करवून घेण्यावर त्याचा भर होता. पण २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असईजवळ, शिंदे आणि भोसल्यांची फौज समोर असताना होड्यांना वेळ नव्हता. वाटाड्यांनी केळनेला जवळपास उतार नाही असं सांगितलं. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. अशी जोडगावं आहेत म्हणजे त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला. तो खरा निघाला. फौज पाण्यातून चालत पार झाली आणि संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीने असईची लढाई आपल्या कारकिर्दीत वरच्या जागी ठेवली. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की बाहेरून आलेल्याला होडी सुचली, आणि कामाला आला तो गावकऱ्यांचा उतार.

या पाण्याशी ज्यांचं पोट बांधलेलं होतं ते भोई. महाराष्ट्रात आज भोई समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे. पालखी, मेणा वाहणं आणि मासे धरणं हे त्यांचे दोन जुने व्यवसाय. पावसाळ्यात नदीपार नेण्याचं कामही बहुधा त्यांच्याकडेच. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबाद–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि ती जालना, परतूरवरून गेली. पुढे सडका आल्या, मोटारी आल्या. खांद्यावरचं ओझं गेलं तसा त्या ओझ्याचा पैसाही गेला. उरला मासा, तोही डोहात असेल तेवढा. पाग, कांडाळं, गळ ही त्यांची हत्यारं. सूत घरी कातलेलं, जाळं घरी विणलेलं, शिशाचे मणी तेवढे बाजारातून. धंद्यातली गुंतवणूक म्हणजे घरातल्या बायामाणसांचे हात.

हे चित्र बदललं ते धरणांनी. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावेल असा नाथसागर तयार झाला. मराठवाड्याने एवढं मोठं उभं पाणी कधी पाहिलं नव्हतं. दरम्यान १९७२ चा दुष्काळ पडला. त्या दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर खडी फोडत, माती वाहत लोकांनी गावोगाव पाझर तलाव बांधले. आज आष्टीच्या आसपासच्या शिवारांत एखाद्या तळ्याकाठी गळ टाकून बसलेला पोरगा दिसला, तर ते तळं त्याच्या आजीने डोक्यावर पाटी घेऊन बांधलेलं असू शकतं. पुढे कित्येक दशकं रखडत निम्न दुधना प्रकल्प झाला. त्याचं धरण सेलू तालुक्यात, पण पाण्याचा फुगवटा परतूर तालुक्यात मागे आला. गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळीचे बंधारे झाले.

पाणी झालं, पण त्यात मासा कुठून येणार? वाहत्या नदीचे मासे उभ्या पाण्यात विणीला येत नाहीत. ती अडचण दूर ओडिशात सुटली. १० जुलै १९५७ रोजी अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही १० जुलै मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर नदीतून अंडी गोळा करण्यावरचं अवलंबन संपलं. केंद्रात मत्स्यजिरे तयार होऊ लागले, त्यांची बोटुकली वाढवून तलावात सोडता येऊ लागली. कटला, रोहू, मृगळ ही त्रयी मराठवाड्याच्या बाजारात अशी रुळली की ते मासे परमुलखातून आले आहेत हे आता कुणाला सांगावं लागतं.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा बदल झाला. डोहातला मासा नदीचा होता. तलावातला मासा कुणीतरी विकत आणून सोडलेला. म्हणजे त्याला मालक आला. तलाव ठेक्याने द्यायचे, मच्छीमारांच्या नोंदणीकृत सहकारी संस्थांनी ते घ्यायचे, ठेक्याची रक्कम भरायची, बोटुकली आणायची, अशी पद्धत बसली. भोई हा मासे धरणाऱ्याचा मासे पेरणारा झाला. पेरणी आली की भांडवल आलं, आणि भांडवल आलं की कर्जही.

त्यात होडी आली. पाझर तलावात काठावरून पाग फेकून भागतं, पण पाचपन्नास फूट खोल, मैलभर पसरलेल्या पाण्यात कांडाळं लावायचं तर आत जावंच लागतं. भोपळ्याच्या सांगडीवर ते जमत नाही. सागाच्या फळ्यांची होडी करायची तर लाकूड महाग आणि ती घडवणारा सुतार समुद्रकाठी. पत्र्याची होडी गंजते. फायबरची टिकते, हलकी असते, पण फायबरला लागणारं रेझिन खनिज तेलापासून होतं. नायलॉनचं जाळंही त्याच घराण्यातलं. म्हणजे ज्या धंद्याचा सगळा माल एकेकाळी परसात, अंबाडीच्या वाफ्यात आणि घरच्या हातांत होता, त्याचा भाव आता आखातातल्या तेलाशी जोडला गेला. जाळी आणि होड्यांवर सरकारी अनुदान असतं; पण अनुदानाची कमाल मर्यादा कागदावर ठरलेली असते आणि बाजारभाव कागदावर थांबत नाही.

तरीही होडीची खरी किंमत दुकानातल्या पावतीवर नसते. साधा हिशेब मांडू. समजा होडीला ४० हजार रुपये पडले आणि ती दहा वर्षं टिकली. वर्षाला ४ हजार झाले. आता या दहातली चार वर्षं तलावात पाणीच नाही असं धरा. उरलेल्या सहा वर्षांवर तेच ४० हजार वाटले की दर वर्षाला ६,६६७ होतात. होडीचा भाव एका पैशाने वाढला नाही, तरी होडी दीडपटीहून महाग झाली. तिच्यावर कर्ज असेल तर कोरड्या वर्षांचं व्याज वेगळं.

चार कोरडी वर्षं ही अतिशयोक्ती वाटत असेल तर २०१२-१३ आठवावं. तो दुष्काळ जालना जिल्ह्याला फार जड गेला. मोसंबीच्या बागा वाळून लोकांनी तोडल्या. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं. २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच. बागायतदाराच्या जळालेल्या झाडांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, त्याला भरपाई मिळावी म्हणून मोर्चे निघाले, आणि ते योग्यच होतं. भेगाळलेल्या तळ्यात पालथी पडलेली होडी मात्र दुष्काळाच्या चित्रात शोभेपुरती येते. तिच्या मालकाचंही पीक बुडालेलं असतं हे त्या चित्राखाली लिहिलेलं नसतं. आणि पाणी जास्त झालं तरी सुटका नाही. २००६ मध्ये, मग २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला. सांडव्यावरून पाणी गेलं की पेरलेला मासाही त्याबरोबर जातो.

कोकणातल्या नाखव्याची होडी पावसाळ्यात साधारण दोन महिने बंदीमुळे किनाऱ्यावर असते. ती सुट्टी त्याला आधी माहीत असते. इथल्या होडीची सुट्टी कधी लागेल आणि किती वर्षांची असेल, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून इथला माणूस काय करतो? तो थर्माकोल गोळा करतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतले तुकडे, जाड पत्रे, ते पोत्यात किंवा जुन्या जाळ्यात शिवायचे, वर फळी टाकायची. काही भागांत याला चप्पू म्हणतात. हातात ताटाएवढ्या फळीचं वल्हं. तलाव आटला तर टाकून द्यायचा, नुकसान काही नाही. जायकवाडीच्या फुगवट्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये गाजली. लोकांना धक्का बसला. पण तो तराफा म्हणजे अडाणीपणा नव्हता. ज्या पाण्याचा भरवसा नाही त्याच्यात किती पैसा घालावा, याचा तो चोख हिशेब आहे. फक्त त्यात वाचवलेला प्रत्येक रुपया जिवाच्या जोखमीने भरलेला असतो. वारा फिरला की थर्माकोल पालथा होतो, आणि जाळ्यात पाय अडकलेल्याला पोहता येत असूनही काही करता येत नाही.

आता गळाकडे. मासे धरणं ही मौज असू शकते, हे इंग्रजांनी इथे ग्रंथ लिहून सांगितलं. एच. एस. थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चं. त्याआधी कर्नल साइक्सने दख्खनचे मासे गोळा करून १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय नावं ठेवली, आणि मराठी नावंच लॅटिनमध्ये बसवली: खुद्री, कोलस. यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, साहेबाच्या गळाचा राजा. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या माशाचं कृत्रिम प्रजनन साधलं. धरणांनी ज्याच्या वाटा अडवल्या त्या माशासाठी हे मोठंच काम. त्याचं बीज दूरवर गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. हौशी गळवाल्यांना मासा मिळावा हाही त्यामागचा एक हेतू. तिथे तो इतका फोफावला की कावेरीचा स्वतःचा मदार असलेला महसीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हौसेचाही हिशेब असतो, तो कधीकधी दुसऱ्याच नदीला चुकवावा लागतो.

आपल्याकडच्या पोरांनी मौजेसाठी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाची तरंगी, शेणखतातलं गांडूळ आणि किराणा दुकानातला गळ. दुपार गेली तर दोन खवले, नशीब असेल तर मरळ. आता मोबाइलवर पाहून रॉड, रीळ, चकाकणारं खोटं आमिष मागवलं जातं. ज्याला परवडतं तो सुट्टीत बंधाऱ्यावर जाऊन बसतो. त्याच्या एका रॉडच्या पैशात भोयाचं कांडाळं येईल, पण यात त्याचा दोष नाही. भांडण तेव्हा होतं जेव्हा ठेकेदार संस्थेचा राखणदार काठीवाल्या पोराला तळ्यावरून हुसकतो. पोरगा म्हणतो, तळं गावाचं. राखणदार म्हणतो, मासा आमचा. दोघंही खरं बोलतात. बांध त्याच्या आजीने बांधला, बोटुकली याने कर्ज काढून सोडली.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या बरोबरीने धरावं, असा त्याचा अर्थ. मराठवाड्यात या निर्णयाची परीक्षा नव्या होडीच्या अनुदानावर होणार नाही. ती पुढच्या कोरड्या वर्षी होईल. कापूस वाळल्यावर तलाठी पंचनाम्याला वावरात येतो, तसा तो आटलेल्या तळ्याच्या काठीही येतो का? पालथ्या होडीकडे पाहून कागदावर काही लिहितो का? तसं झालं, तर इथल्या माणसाला फायबरची होडी घेणं परवडेल. नाही झालं, तर आष्टीच्या आसपासची माणसं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवत राहतील, जसे त्यांचे पणजोबा वाळका भोपळा आढ्याला टांगून ठेवत.