फांटे फुटणारी गोष्ट : रिद्धपूर ते संगणक



मूर्तिजापूर स्थानकावर उतरून धाकट्या रुळांच्या गाडीकडे वळणाऱ्या प्रवाशापुढें पूर्वीं दोन दिशा असत. एक गाडी यवतमाळास जाई, दुसरी अचलपुरास. त्या गाड्या आतां बंद पडल्या आहेत. परंतु कथा सांगण्याची एक नवी रीति आपणांपुढें मांडतांना मला तेंच स्थानक आठवतें. ह्या रीतींत वाचक कथेच्या एका नाक्यावर येऊन थांबतो. पुढची वाट कोणती धरावी हें तोच ठरवितो, आणि त्याच्या निवडीप्रमाणें पुढील कथा पालटते.

ही कल्पना फार जुनी नाहीं, पण अगदीं कालचीहि नव्हे. अर्जेन्टिनाचे लेखक बोर्हेस ह्यांनीं १९४१ सालीं फांटे फुटणाऱ्या वाटांच्या उद्यानाची एक कथा लिहिली. तींत अशा एका कादंबरीचें वर्णन आहे कीं, जींत एका प्रसंगाचे सर्व परिणाम एकाच वेळीं घडतात. १९७६ च्या सुमारास अमेरिकेंत विल्यम क्राउदर ह्यांनीं गुहेंतील भ्रमंतीचा एक संगणक-खेळ रचिला. खेळणारानें शब्द लिहून दिशा सांगावी, आणि संगणकानें पुढें काय दिसतें तें कळवावें. १९७९ पासून त्याच देशांत मुलांसाठीं वाटा निवडण्याच्या पुस्तकांची एक माला निघूं लागली. पुढें २००९ सालीं ख्रिस क्लायमस ह्यांनीं अशा गोष्टी लिहिण्याचें ‘ट्वाइन’ नांवाचें साधन तयार करून तें सर्वांस विनामूल्य दिलें.

परंतु एकाच प्रसंगाच्या भिन्न वाटा आदरानें जपण्याची शिस्त आमच्या वऱ्हाडानें त्याहून पुष्कळ आधीं पाहिली आहे. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या आठवणी मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. ज्यांनीं स्वामींस पाहिलें, ऐकिलें, त्यांना विचारून, पारखून त्यांनीं ह्या लीळा लिहिल्या. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांस ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावरून ती पुन्हां उभी करण्यांत आली, आणि त्यांतून निरनिराळे पाठ निर्माण झाले. ह्या काळांतील ग्रंथकारांचा मोठेपणा असा कीं, एखाद्या लीळेविषयीं दोघांची आठवण जुळली नाहीं, तर एकाची खोडून दुसऱ्याची ठेवावी असें त्यांनीं सरसकट केलें नाहीं. ‘वासना’ ह्या नांवाखालीं ती भिन्न आठवणहि टिपून ठेविली. डॉ. वि. भि. कोलते ह्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रसिद्ध झालें.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. वासनांमध्यें घडलेला प्रसंग एकच, आठवणारे मात्र अनेक. संगणकावरील गोष्टींत घटनाच निवडीनुसार निराळी होते. तरी दोहोंस लागणारी वृत्ति एकच आहे. दुसरी वाटहि कोणाची तरी आहे, म्हणून ती हलगर्जीपणानें लिहूं नये.

हें मला उशिरा उमजलें. मीं जन्मभर शाळेंत तांबड्या शाईनें एकच उत्तर बरोबर ठरवीत आलों. गेल्या वर्षीं नातीनें मला ट्वाइन दाखविलें. त्यांत पडद्यावर एक चौकट येते; तींत कथेचा एक तुकडा लिहावयाचा. जे शब्द दाबतांच वाचकानें पुढें जावें, ते दुहेरी चौकोनी कंसांत घातले कीं त्या नांवाची नवी चौकट आपोआप उगवते आणि दोन चौकटींना जोडणारा बाण उमटतो. देवनागरींत लिहिण्यास कांहींच अडचण नाहीं.

मीं मूर्तिजापूरचीच गोष्ट घेतली. आजीला पत्र पोंचविणारी एक मुलगी, आणि समोर दोन गाड्या. अचलपूरची वाट मीं मनापासून लिहिली. यवतमाळच्या वाटेवर मात्र ‘गाडी चुकली, गोष्ट संपली’ एवढेंच लिहिलें. नात वाचून म्हणाली, “आबाजी, मी यवतमाळची गाडी धरली, तर तुम्ही मले शिक्षाच देऊन राहिले!” त्या दिवशीं मला माझे जुने विद्यार्थी आठवले. मग यवतमाळच्या गाडींतहि मीं माणसें बसविलीं आणि मुलीला त्या वाटेनेंहि कांहीं गवसूं दिलें.

नवशिक्यास दोन गोष्टी सांगतों. प्रत्येक नाक्यावर दोन वाटा ठेवून पांच नाकीं केलीं, तर शेवट बत्तीस होतात. म्हणून आधीं कागदावर नकाशा काढावा, आणि कांहीं वाटा पुढें पुन्हां एका ठिकाणीं आणून मिळवाव्या. दुसरी गोष्ट जतनाची. ट्वाइन ब्राउझरमध्यें चालविल्यास गोष्ट त्या ब्राउझरच्याच सांठ्यांत राहते. एकदां तो सांठा मीच साफ केला, आणि माझी गोष्ट गेली. नातीनें व मीं ती आठवून पुन्हां लिहिली. एके ठिकाणीं आमचें जुळेना, तेव्हां तेथें दोन वाटा केल्या. म्हणून लिहून होतांच गोष्ट फाइलीच्या रूपानें उतरवून घ्यावी व तिच्या दोनतीन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. एकाच पोथीवर विसंबण्याचा धोका रिद्धपूरच्या इतिहासानें आपणांस शिकविलाच आहे.

आज त्याच रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. येत्या सुटींत आपल्या घरच्या मुलांनीं तीन चौकटींची का होईना, एक मराठी गोष्ट लिहून पाहावी. तींत दोन वाटा असाव्या, आणि दोन्ही सारख्याच मायेनें लिहिलेल्या असाव्या, इतकें सांगून आपली रजा घेतों.