दुसऱ्या फेरीचं पोस्टर

आमच्या कर्जत तालुक्यात, मिरजगावात एका बंद पडलेल्या किराणा दुकानाची आवराआवर चालली होती. फळ्यांवर अंथरलेल्या कागदांत मला ‘सोंगाड्या’चं पोस्टर सापडलं. पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने कुणाची तरी उधारी मांडलेली: साखर, गोडेतेल, काडेपेटी. घड्यांवर कागद विरलेला, पण दादा कोंडक्यांचा चेहरा शाबूत. पुढे पुण्याला गेलो तेव्हा जुन्या पोस्टरांच्या एका व्यापाऱ्याला ते दाखवलं. त्याने खालच्या कडेवर भिंग धरलं आणि क्षणात कागद माझ्याकडे सरकवला. “मास्तर, ओरिजिनल नाही. दुसऱ्या फेरीचं आहे. आणि रिप्रिंट म्हणजे रद्दी.”

पहिल्या दोन वाक्यांवर माझा वाद नाही. वितरकाच्या पत्त्यात पिनकोड छापलेला होता. पिनकोड देशात सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला आणि ‘सोंगाड्या’ आला 1971 मध्ये. म्हणजे हा कागद पहिल्या प्रदर्शनाचा असूच शकत नाही. त्या माणसाची नजर पक्की होती, हे मान्यच करायला हवं. माझा वाद आहे तो तिसऱ्या वाक्याशी, आणि ते एकट्या त्याचं नाही. सिनेमाची जुनी पोस्टरं जमवणाऱ्या बहुतेकांचं मत आज हेच आहे.

पूर्वपक्ष नीट मांडायचा तर असा: प्रथम प्रदर्शनासाठी छापलेलं तेवढंच अस्सल, नंतरचं सगळं नक्कल. या मताला बळ आहे. कुठेतरी रेघ ओढली नाही तर काल छापलेला ‘मदर इंडिया’ 1957 चा म्हणून विकला जाईल, आणि जातोही. शिवाय या रेघेला घराणं आहे. 1966 ते 68 या काळात सॅन फ्रान्सिस्कोत बिल ग्रॅहमच्या फिलमोर सभागृहात आणि फॅमिली डॉग मंडळींच्या ॲव्हलॉन बॉलरूममध्ये रॉक संगीताचे जलसे होत. त्यांची पोस्टरं वेस विल्सन, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस, ॲल्टन केली अशा चित्रकारांनी केली. अक्षरं वितळल्यासारखी, रंग एकमेकांवर चाल करून जाणारे. लोक ती खांबांवरून काढून घरी नेऊ लागले, तेव्हा विक्रीसाठी जादा प्रती छापल्या गेल्या. साहजिकच संग्राहकांनी प्रश्न विचारला: ही प्रत जलशाआधीची की नंतरची? कागदाची जाडी, पोस्टराची लांबी-रुंदी, कडेचा बारीक मजकूर यांवरून पहिली, दुसरी, तिसरी छपाई वेगळी काढण्याचं एक शास्त्रच तिथे उभं राहिलं. ते काटेकोर आहे आणि मला त्याचा आदर आहे.

पण ती रेघ जलशासाठी ओढलेली आहे. जलसा एकदाच होतो. ती रात्र सरली की पोस्टराचं काम संपलं. नंतर छापलेली प्रत आठवणीसाठी. आपल्याकडेही जिथे असे प्रसंग घडले तिथे ही रेघ चालेल. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहातल्या ‘सिमला बीट’ या बँडस्पर्धा किंवा 1971 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला भरलेली ‘स्नेह यात्रा’ यांचं एखादं पत्रक कुणाकडे निघालं, तर तारखेआधीचं की नंतरचं हे जरूर विचारावं.

सिनेमाचं तसं नाही. तो मुंबई-पुण्यात लागला म्हणजे जन्मला, संपला नाही. मग जिल्ह्याचं ठिकाण, मग तालुका, मग जत्रेतला तंबू. टुरिंग टॉकीजवाला जुन्या सिनेमाच्या रिळांचे डबे स्वस्तात आणायचा आणि यात्रेगणिक मुक्काम हलवायचा. महाराष्ट्रातल्या या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवापर्यंत गेला, तेव्हा शहरी प्रेक्षकाला नवल वाटलं, आम्हाला नव्हतं. कर्जत तालुक्यातल्या माणसाने सिनेमा पाहिला तो बहुधा दुसऱ्या नाहीतर चौथ्या फेरीत. प्रत्येक फेरीला पोस्टर लागायचं, जुनं संपलं की वितरक नवं छापून घ्यायचा. ते भिंतीला खळीने चिकटायचं, खाली तंबूच्या नावाची पट्टी लागायची, आणि ते पाहून माणसं बैलगाड्या जुंपायची. या पोस्टराला नकली म्हणायचं असेल तर आमचं सिनेमा पाहणंही नकली म्हणावं लागेल.

न्यायशास्त्रात व्याख्येचे दोष सांगितले आहेत. जे यायला हवं ते सुटलं तर अव्याप्ती, नको ते आत आलं तर अतिव्याप्ती. ‘पहिली छपाई तेच अस्सल’ या व्याख्येत दोन्ही आहेत. अव्याप्ती वर दाखवली. अतिव्याप्ती अशी, की भिंतीवर लागलेलं पोस्टर पावसाने, बकऱ्यांनी आणि पुढच्या शुक्रवारच्या पोस्टराने संपवलं. आज संग्राहकाच्या हाती येतं ते बहुधा वितरकाच्या गठ्ठ्यात पडून राहिलेलं, कधीच न लागलेलं. म्हणजे ज्याने आपलं काम केलंच नाही त्या कागदाला आपण अस्सलपणाचं पदक देतो आणि ज्याने तंबू भरवला त्याला रद्दीत घालतो. (माझ्या पोस्टरानेही भिंत पाहिली नव्हती, हे कबूल करतो. त्याने साखरेचे डबे पाहिले.)

आपल्या लोकांना ही गोष्ट दुसऱ्या क्षेत्रात चांगली कळते. नगर जिल्ह्यात नांगराला शिवराई लागल्याच्या गोष्टी घरोघर आहेत. शिवराई शिवाजी महाराजांनी पाडली, पण तशी तांब्याची नाणी पुढे दीडशे वर्षं पाडली जात होती. पेशवाईतल्या दुदांडी शिवराईला कोणी खोटं नाणं म्हणत नाही. ती नंतरची आहे, तिची किंमत कमी आहे, पण ती बाजारात चालली होती आणि तिने मीठ-मिरची विकत घेतली होती. खोटी शिवराई म्हणजे आज संग्राहकाला फसवायला ओतलेली.

मळवलीचं नाव वर आलंच आहे. त्याच गावी राजा रविवर्म्याचा छापखाना होता. 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला हलला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. रविवर्मा 1906 मध्ये वारले, तरी त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती छपाईच्या दगडांवरून निघतच राहिल्या आणि देवघरांत जाऊन बसल्या. त्यांतली कुठली प्रत लवकरची, कुठली उशिराची, हे अभ्यासक ठरवतात आणि ठरवावंच. पण उशिराची प्रत देवघरात पुजली गेली नाही असं कोण म्हणेल?

खुद्द सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला पहा. गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा, ग्रेटफुल डेड या बँडच्या 1966 च्या जलशाचा, हे त्या साऱ्या संग्रहातलं सर्वांत प्रसिद्ध पोस्टर. तो सांगाडा माउस आणि केली यांनी एडमंड सलिव्हनच्या चित्रातून सरळ उचलला होता, आणि ते चित्र होतं माधव जूलियनांमुळे मराठी वाचकाला परिचित झालेल्या उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेलं. चित्र उसनं, तरी पोस्टर अस्सल. का? कारण ते त्या रात्रीच्या कामासाठी छापलं गेलं. तिथल्या रेघेच्या मुळाशीही कामच होतं, वेळ नव्हे. आपण रेघ उचलली आणि तिचं कारण तिथेच ठेवून आलो.

म्हणून माझा पक्ष असा: लोकांना तिकीटखिडकीशी आणण्यासाठी छापलं ते अस्सल, मग फेरी कितवीही असो. दिवाणखान्यात टांगण्यासाठी, जुनं भासवून विकण्यासाठी छापलं ते नकली. पहिल्या फेरीला भाव जास्त असावा. दुर्मिळतेचा भाव असतोच. माझी तक्रार भावाबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे.

यावर आक्षेप येईल की हेतू भिंगाखाली दिसत नाही. दिसतो. जुनी लिथो पोस्टरं पाहिली तर रंगाचा कण वाळूसारखा ओबडधोबड असतो. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तवार फुलं दिसतात. पण ऑफसेट म्हणजे नकली हा दुसरा गैरसमज. कामाच्या ऑफसेट पोस्टरातही सिनेमाचं नाव सहसा सलग रंगात छापलेलं असतं. छापील पोस्टराचा फोटो काढून पुन्हा छापलं की ते नावसुद्धा चार रंगांच्या ठिपक्यांत फुटतं, आणि जुन्या घड्यांच्या सावल्या सपाट कागदावर छापून येतात. नखाने चाचपावं: रेघ दिसते, पण घडी लागत नाही. मग कडेला मुद्रकाचं नाव शोधावं. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि गाव घालणं बंधनकारक होतं. नेमकी तीच कड चौकटीत बसवताना कापली जाते, मग मालक विचारत फिरतो, हे कधीचं असेल हो?

पिवळेपणावर तर विश्वासच ठेवू नये. चहाचं पाणी एका दुपारीत पन्नास वर्षं चढवतं. अतिनील दिव्याखाली चमकलं म्हणून नकली, हेही अर्धवट. कागदाला उजळ करणारी रसायनं 1950 नंतर रुळली. 1940 चं पोस्टर चमकलं तर सावध व्हावं. 1971 चं चमकलं तर त्यातून काहीच ठरत नाही.

तमाशाच्या आणि यात्रेच्या पत्रकांना मात्र पहिली-दुसरी छपाई हा प्रश्नच लागू नाही आणि म्हणून बाजार त्यांना हातही लावत नाही. तिथे मजा वेगळीच. दर ‘नये पैसे’त असतील तर पत्रक 1957 ते 64 मधलं धरायला हरकत नाही; आणे असतील तर घाई करू नये, कारण आणे गेले तरी जिभेवरून बरीच वर्षं गेले नाहीत. साल बहुधा छापलेलं नसतं. यात्रा दरवर्षीचीच, साल कशाला? पण तिथी, वार आणि इंग्रजी तारीख तिन्ही असली की काम होतं. तारीख आणि वार पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा जुळतात. तेव्हा तिथी हटते. तिथी आणि तारीख एकोणीस वर्षांनी जुळतात. तेव्हा वार दोन-तीन दिवसांनी पुढे सरकलेला असतो. त्यामुळे माणसाच्या आयुष्याएवढ्या टप्प्यात बहुधा एकच साल उरतं. जुनी पंचांगं रद्दीत मिळतात, तीही किलोच्या भावाने.

‘सोंगाड्या’चं पोस्टर मी विकलं नाही. त्यावरच्या उधारीत साखरेचा भाव लिहिलेला आहे. कागद दुकानात कोणत्या साली आला, ते आता त्या भावावरून काढतो आहे.