निखळलेला खांदा आणि नवें पिस्तुल : मुंबई ते ऑम्डुरमन

प्रस्तुत लेखांत एका पिस्तुलाचा विचार करावयाचा आहे. तें कोणा राजाचें नव्हतें आणि त्यानें कोणतीही लढाई जिंकली नाहीं. एका तरुण लेफ्टनंटानें तें लंडनांत विकत घेतलें, नाईलवरच्या प्रवासांत त्याचा सराव केला आणि इ. स. १८९८ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस सुदानांतील ऑम्डुरमनच्या रणांत त्याच्या आधारानें तो जिवंत बाहेर पडला. तो लेफ्टनंट म्हणजे पुढें इंग्लंडचा मुख्य प्रधान झालेला विन्स्टन चर्चिल होय. या कथेचा आरंभ मुंबईस झाला, हें एक. आणि नवें शस्त्र व त्याचा धनी यांची ओळख कशी जडत जाते, याचा इतका स्पष्ट लेखी पुरावा क्वचित् आढळतो, हें दुसरें. या दोन कारणांस्तव हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहें.

साधनें मुख्यतः तीन आहेत. लढाईनंतर थोड्याच दिवसांत चर्चिलनें आपल्या आईस लिहिलेलें पत्र, मोहिमेचा इतिहास म्हणून १८९९ त प्रसिद्ध केलेला ‘दि रिव्हर वॉर’ हा ग्रंथ, आणि १९३० त छापलेलें ‘माय अर्ली लाइफ’ हें आत्मवृत्त. तिन्ही एकाच लेखणींतून उतरलीं आहेत, हें विसरून चालणार नाहीं. साक्षीदार स्वतःच्या पराक्रमाचाच साक्षीदार असेल, तेव्हां त्याची उलटतपासणी करणें हें इतिहासकाराचें पहिलें कर्तव्य ठरतें.

१८९६ च्या आक्टोबरांत चवथ्या हुसार्स रिसाल्याबरोबर चर्चिल मुंबई बंदरांत आला. त्या वेळीं त्याचें वय एकवीस वर्षांचें होतें. जहाजावरून लहान होडींत बसून ही मंडळी ससून गोदीच्या पायऱ्यांपाशीं पोंचली. भरतीच्या लाटांनीं होडी चार-पांच फूट वरखालीं होत होती. भिंतींत बसविलेली लोखंडी कडी चर्चिलनें उजव्या हातानें धरली. परंतु पायरीवर पाय ठेवण्यापूर्वींच होडी बाजूस सरली आणि त्याच्या खांद्यास जबर हिसका बसला. तो खांदा पुढें जन्मभर दगा देत राहिला. फळीवरचें पुस्तक काढण्याच्या निमित्तानेंहि तो निखळे, असें त्यानें नमूद केलें आहे. पोलो खेळतांना त्यास दंड अंगाशीं बांधून घ्यावा लागे. १८९९ त मीरतच्या सामन्यांत तो असाच बांधलेल्या हातानें खेळला. म्हणजे खांद्याची ही गोष्ट वृद्धापकाळीं सुचलेलें कथानक नव्हे, हें उघड होतें.

अशा हातानें घोड्यावरून तरवार चालविणें धोक्याचें होतें. ऐन वाराच्या क्षणीं सांधा सुटला, तर स्वार निःशस्त्र झाल्यासारखाच. म्हणून हातघाईचा प्रसंग आल्यास तरवारीवर विसंबावयाचें नाहीं, पिस्तुलावर विसंबावयाचें, असा त्यानें निश्चय केला आणि त्या वेळीं अगदीं नवें असलेलें माउझर पिस्तुल खरेदी केलें.

आतां त्या शस्त्राविषयीं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेस तेव्हां सहा गोळ्यांचें वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. तें खात्रीचें होतें, परंतु सहा गोळ्या संपल्यावर धांवत्या घोड्यावर एकेक काडतूस भरीत बसणें कठीण. माउझरची जात वेगळी. जर्मनींतील ओबर्नडॉर्फच्या कारखान्यांत काम करणाऱ्या फेडर्ले बंधूंनीं त्याची रचना केली. पहिला नमुना १८९५ त सिद्ध झाला व पुढील वर्षापासून उत्पादन सुरू झालें. गोळी सुटतांना जो धक्का मागें बसतो, त्यासच येथें कामास लाविलें आहे. त्या धक्क्यानें नळी किंचित् मागें सरते, तिच्याशीं जखडलेला बोल्ट सुटून मागें जातो, रिकामें कवच बाहेर फेंकलें जातें आणि घोडा चढतो. मग दबलेली स्प्रिंग बोल्टास पुढें लोटते व तो जातां जातां नवें काडतूस नळींत बसवितो. चाप मात्र प्रत्येक गोळीस निराळा ओढावा लागतो. म्हणून यास अर्धस्वयंचलित म्हणणें युक्त होय. पेटींत दहा काडतुसें मावत व तीं एका पट्टींतून एकदम वरून दाबून भरतां येत.

प्रथमदर्शनीं हें पिस्तुल कोणासहि चमत्कारिक वाटावें असेंच होतें. काडतुसांची पेटी मुठींत नसून चापाच्या पुढें. त्यामुळें भार पुढें झुकलेला. वजन सुमारें सव्वा शेर. मूठ बारीक व गोल. तिजवरून इंग्रजींत या पिस्तुलास ‘झाडूच्या दांड्याचें’ असें टोपणनांव पडलें. म्यान लांकडी, आणि तेंच मुठीस जोडलें म्हणजे खांद्यास लावावयाचा दस्ता होई. कांहीं नमुन्यांच्या माशीपट्टीवर हजार मीटरपर्यंतच्या खुणा कोरलेल्या होत्या. चर्चिलच्या उपयोगीं तें पडलें तीन यार्डांवर!

ऑगस्ट १८९८ च्या आरंभीं कायरो येथें तो २१ व्या लान्सर्स रिसाल्यास मिळाला. तेथून आगगाडी, आगबोट, वाळवंटांतील लष्करी रेल्वे आणि शेवटीं घोड्यावरची मजल, असा महिन्याभराचा प्रवास झाला. या संपूर्ण वाटेंत आपण पिस्तुलाचा काळजीपूर्वक सराव केला, असें तो एका वाक्यांत सांगतो. माझ्या मतें सर्व कथेंत हें वाक्य सर्वांत मोलाचें आहे.

कां, तें २ सप्टेंबरच्या सकाळीं दिसून आलें. कर्नल मार्टिनच्या हुकमतींतील चारशेंहूनहि कमी स्वारांनीं समोरच्या थोड्याशा बंदूकवाल्यांवर घोडे घातले. जवळ जातांच उमगलें कीं, त्यांच्या मागें एका कोरड्या नाल्यांत खलिफाचे दोन हजारांहून अधिक योद्धे दाटीनें उभे आहेत. चर्चिलच्या हातीं या वेळीं तरवारच होती. दौडत्या घोड्यावर ती म्यानांत घालणें, लांकडी म्यानांतून पिस्तुल काढणें आणि घोडा चढविणें, हीं तीन कामें त्यास कांहीं क्षणांत करावीं लागलीं. नाल्यापलीकडे एका योद्ध्यानें जमिनीवर अंग टाकून घोड्याच्या पायाची शीर तोडण्यासाठीं तरवार उगारली. त्याजवर त्यानें तीन यार्डांवरून दोन गोळ्या झाडल्या. दुसरा तरवार उचलून आला. तो इतका जवळ होता कीं, पिस्तुलाची नळी त्याच्या अंगास लागली. गर्दींतून बाहेर पडल्यावर पिस्तुल रिकामें झाल्याचें ध्यानांत आलें आणि दुसरा कसलाहि विचार करण्यापूर्वीं त्यानें नवी पट्टी भरली. हें झालें १९३० चें निवेदन. १८९८ च्या पत्रांत दहा गोळ्या झाडल्याचा उल्लेख आहे. पेटी दहांचीच, म्हणजे बत्तीस वर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या दोन लेखांचा मेळ बसतो.

दोन मिनिटांत पांच अधिकारी, पासष्ट शिपाई आणि एकशें एकोणीस घोडे मृत वा जखमी झाले. चर्चिलला ओरखडाहि उठला नाहीं. मुंबईस खांदा निखळला नसता तर आपण तरवारच चालविली असती आणि कदाचित् ही हकीकत सांगावयास उरलों नसतों. तेव्हां दुर्दैव तेंच कधीं सुदैव ठरतें, असा बोध तो स्वतः काढतो. वाचकास हा बोध गोड वाटतो. परंतु प्रमाणाच्या दृष्टीनें तो लंगडा आहे. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हें आपले नैयायिक केव्हांच सांगून गेले. चर्चिलसाठीं राखून ठेवलेली तुकडी, त्यास पोंचावयास उशीर झाल्यामुळें, रॉबर्ट ग्रेनफेल या अधिकाऱ्यास देण्यांत आली होती. तो त्याच हल्ल्यांत मारला गेला. हेंहि चर्चिलनेंच लिहिलें आहे. मग प्राण कशानें वांचला, कडीनें, पिस्तुलानें कीं उशिरानें?

माझें म्हणणें एवढेंच कीं, दैवाचा वांटा दैवास देऊनहि कांहीं शिल्लक उरतें आणि तें शिल्लक म्हणजे सराव. तेंच पिस्तुल दुकानांतून आणून त्या सकाळीं प्रथमच हातीं धरलें असतें, तर लांकडी म्यानाशीं झटापट करण्यांतच कारभार आटोपला असता. आदिपर्वांत अर्जुनाची कथा आहे. जेवतांना वाऱ्यानें दिवा विझला, तरी हात तोंडाकडे बिनचूक जात राहिला; तेव्हां संवयीनें अंधारांतहि काम होतें हें जाणून तो रात्रीं धनुष्याचा अभ्यास करूं लागला. विचार करण्यापूर्वीं नवी पट्टी भरणारा हात त्याच जातीचा होता.

या ठिकाणीं एक इशारा अवश्य आहे. त्या दिवशीं खलिफाचे सुमारें दहा हजार लोक पडले. दुसऱ्या पक्षाचे ठार झालेले पन्नासाच्याहि आंत होते. हा संहार दूरवरून तोफा, मॅक्झिम व रायफली यांनीं केला. एका पिस्तुलाची कथा रंगवितांना त्या मृतांना केवळ पार्श्वभूमी करणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्या शौर्याची साक्ष खुद्द चर्चिलनेंच दिली आहे.

या पिस्तुलाचा आणखी एक प्रसंग सांगून लेख पुरा करतों. १५ नोव्हेंबर १८९९ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत बोअरांनीं एक चिलखती आगगाडी उलथविली. वार्ताहर म्हणून गेलेला चर्चिल तींत होता. वाट मोकळी करण्याच्या खटपटींत त्यानें पिस्तुल इंजिनावर काढून ठेविलें. नंतर एक घोडेस्वार बंदूक रोखून समोर आला, तेव्हां त्याचा हात कमरेकडे गेला, पण तेथें कांहीं नव्हतें. तो शरण गेला. पुढें खिशांतील दोन पट्ट्या आठवल्या. ऑम्डुरमनच्याच वेळचीं तीं फुटीर गोळ्यांचीं काडतुसें होतीं. शत्रूस तीं सांपडणें जिवावर बेतणारें होतें. एक पट्टी त्यानें गुपचूप टाकली. दुसरी पाहून पकडणाऱ्यानें विचारलें, तेव्हां ‘सांपडली’ असें सांगून वेळ मारून नेली. स्वतःस कमीपणा आणणारी ही गोष्ट तो लपवीत नाहीं, म्हणून त्याच्या इतर साक्षीसहि कांहीं वजन येतें. शिवाय हातास संवय जडली, तरी शस्त्र जवळ नसेल तर ती संवय व्यर्थ, हें या प्रसंगानें दिसून येतें.

मध्यंतरीं मुंबईस गेलों असतां ससून गोदीवर मुद्दाम जाऊन आलों. तेथें आतां मासळीच्या होड्या लागतात. पायऱ्यांपाशीं कांहीं वेळ उभा राहून मीं ती कडी शोधली, दिसली नाहीं. एक कोळी मात्र हेलकावणाऱ्या होडींतून सहज उडी मारून वर आला. त्यानें कशासच हात लावला नव्हता. तो रोजच्या सरावाचा गडी होता.