इटर्नलब्लू

विंडोजच्या फाइल शेअरिंग सेवेतल्या बफर ओव्हरफ्लो दोषाचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याचे साधन. मूळ दोषालाही (सीव्हीई-२०१७-०१४४) बोलण्यात हेच नाव पडले आहे.

दोष एसएमबी १ या जुन्या प्रोटोकॉलच्या सर्व्हर ड्रायव्हरमध्ये होता. फाइलच्या जादा गुणधर्मांची यादी एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ड्रायव्हर तिचा आकार ३२ बिटांत वाचतो. यादीत सदोष नोंद आढळली की तो आकार कमी करायचा असतो; पण नवा आकडा खालच्या १६ बिटांतच लिहिला जातो, वरचे १६ तसेच राहतात. यादी ६५,५३६ बाइटांची असली तर आकार घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट होतो. जागा राखलेली असते लहान यादीपुरती, मजकूर उतरतो मोठ्या यादीचा, आणि शेजारच्या मेमरीवर लिहिले जाते. हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालत असल्याने पासवर्डाशिवाय, केवळ ४४५ क्रमांकाच्या पोर्टावरून, संगणकाचा पूर्ण ताबा मिळतो.

हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवले, असे मानले जाते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती (एमएस१७-०१०) दिली. महिन्याभराने ‘शॅडो ब्रोकर्स’ या गटाने साधन उघड केले. १२ मेला त्याच्याच आधारे ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला. सरकारांनी असे दोष दडवून ठेवण्यावर मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी तेव्हा जाहीर टीका केली, आणि ती रास्तच होती.

रायगड जिल्ह्याला झळ बसली ती हेच साधन वापरणाऱ्या, २७ जूनला सुटलेल्या ‘नॉटपेट्या’ची. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला हा विध्वंसक प्रोग्राम डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीत शिरला आणि न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झाले. वर्षाला सुमारे १८ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरचे माप) हाताळू शकणाऱ्या धक्क्यावर कामे हाताने करण्याची वेळ आली. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोटा २० ते ३० कोटी डॉलर.

दुरुस्ती तेव्हा साडेतीन महिने उपलब्ध होती. मात्र नॉटपेट्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्डही उचलत असे. त्यामुळे दुरुस्ती न केलेले एखादे यंत्र जाळ्यात असले, तरी दुरुस्त केलेली यंत्रेही त्याच्या हाती लागत. विंडोज १०च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून एसएमबी १ सर्व्हर आपोआप बसवला जात नाही.