भिंतीवरचा ठिपका आणि मोबाइलमधलं ॲप

राळेगावला आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यावर दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि महिन्यातून एकदा पेनाचा बारीक ठिपका. तो ठिपका आईच्या पाळीचा, हे मला बारावीत कळलं. आता मी कोड लिहिते आणि माझा ठिपका ॲपमध्ये टाकते.

मागच्या दिवाळीत वहिनीनं हळूच विचारलं, "ताई, ॲपमध्ये रंग नसलेले दिवस म्हणजे बिनधास्त ना?" तिला दुसरं मूल एवढ्यात नको होतं.

याचं उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर जनावरांच्या माजावरून अंदाज बांधायचे: पाळीच्या आसपास गर्भ राहतो, मधले दिवस सुरक्षित. म्हणजे अगदी उलटं! १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हाही स्त्रीबीज नेमकं कधी सुटतं हे ठरलेलं नव्हतं. १९२४ मध्ये जपानच्या क्युसाकू ओगिनोंनी कोडं सोडवलं. मोजायचं मागून! पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी बीज सुटतं. काही वर्षांत ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस यांनीही स्वतंत्रपणे साधारण तेच सांगितलं.

पण पुढची पाळी कधी येणार, हे आधी कुठं माहीत असतं? म्हणून जुन्या नोंदी लागतात. सर्वात लहान चक्रातून १८ वजा करा, सर्वात मोठ्यातून ११. माझी चक्रं २६ ते ३४ दिवसांची. म्हणजे आठव्यापासून तेविसाव्या दिवसापर्यंत शक्यता धरायची. माझं ॲप मात्र सरासरी काढून पाच-सहाच दिवस रंगवतं. सरासरी म्हणजे खात्री नाही, हे आम्हा कोडवाल्यांना तरी कळायला हवं.

असे प्रश्न वाचक कर्व्यांना 'समाजस्वास्थ्य' मासिकात विचारायचे. ते १९२७ ला सुरू झालं. उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच.

वहिनीला मी एवढंच म्हटलं, "नोंद ठेव, डॉक्टर पहिल्यांदा शेवटच्या पाळीची तारीखच विचारतात. पण मूल नको असेल तर ॲपच्या भरवशावर राहू नको. आशाताईला नाहीतर डॉक्टरला विचार."

ती गेली, विचारून आली. प्रश्न विचारल्याबद्दल तिला दंड झाला नाही. भेटूया पुढच्या भागात!